तीन वाव दोर

रामला,
६ नोव्हेंबर १९७४

चि. सुझॅनला वहिनीचा शालोम.

ख्यालीखुशाली शेवटी विचारीन. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. लोदच्या ब्राखाची मुलगी रोनित, तिला आमचा पत्ता कोणी दिला? ती म्हणते, डिमोनाच्या सुझॅनमावशीनं. दिलास तर दिलास, पण मला दोन ओळी खरडायला काय झालं होतं? निदान घर तरी आवरून ठेवलं असतं.

रोनित हैफाला विद्यापीठात शिकते. जुने खलाशी दोर हाताळताना कोणते शब्द वापरायचे, ते शब्द कुठून आले, हे सगळं ती गोळा करते आहे. त्यावर तिला पदवी मिळणार म्हणे. तुझा भाऊ मुंबईच्या गोदीत तीस वर्षं दोरांवर होता, शेवटची नऊ वर्षं तर टांडेल म्हणून अख्खी टोळी त्याच्या हाताखाली. तेव्हा तिनं इथे येणं बरोबरच आहे, मी नाही म्हणत नाही.

पण ऐक. या देशात आल्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत तुझ्या भावाच्या तोंडून मी जे ऐकलं ते मला पाठ आहे. चहा दे. मीठ कमी आहे. बस चुकली. शाबात शालोम. सिमेंटच्या कारखान्यातून घरी आले की गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, आणि पेन्शनीत निघाल्यापासून तर सकाळपासूनच बसतात. मी समजले, माणसाचा स्वभावच असा. माणूस बोलत नाही तर नाही, निदान भांडत तरी नाही.

आणि आता ही पोरगी दर मंगळवारी दहाला येते, टेबलावर टेपचं मशीन ठेवते, आणि तुझा भाऊ दोन वाजेपर्यंत बोलतो. बोलतो म्हणजे काय, हातवारे करतो, उभा राहतो, हसतो. यांना खालचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. हे मराठीत सांगतात, ती हिब्रूत उत्तर देते, आणि दोघांचं चांगलं जमतं. पहिल्या मंगळवारी मात्र हे तिच्यापुढे तोंड शिवून बसले होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या मंगळवारी ती अश्दोदच्या बंदरातून तीन वाव दोर घेऊन आली आणि यांच्या मांडीवर ठेवला. (वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की बोटांपासून बोटांपर्यंत जेवढं माप होतं ते. हेसुद्धा हे तिला सांगत होते तेव्हा मी ऐकलं.) झालं. खेळणं मिळाल्यावर पोर खुलावं तसा माणूस खुलला.

काल ती गेल्यावर जेवताना मी सहज विचारलं, "ते आर्या आर्या काय चाललं होतं?" तर म्हणतात, "तुला काय करायचंय?" आणि ताटातला मासा सोलायला लागले.

चौतीस वर्षांचा संसार आहे, सुझॅन. रोनित माझ्या लेकीच्या वयाची आहे, तेव्हा भलता संशय माझ्या मनात नाही. पण जळतं. तिच्यासाठी चपात्या लाटताना माझ्या पोटात जळतं, हे मी तुला सोडून कोणाला सांगू?

गुडघे कसे आहेत?

तुझी वहिनी,
डेबोरा

*

डिमोना,
१४ नोव्हेंबर १९७४

सौ. डेबोरावहिनींना सप्रेम शालोम.

गुडघे तसेच आहेत. पत्ता मीच दिला. रोनित आधी माझ्याकडे आली होती, कारण तिच्या आईनं सांगितलं की थळकरांच्या घरात सगळे गोदीवाले. मी म्हटलं, मला थोडं येतं, पण खरा माणूस रामल्याला बसलाय. तुम्हाला लिहिणार होते, राहून गेलं. माफ करा.

आर्याचा अर्थ भाऊनं तुम्हाला सांगितला नाही याचं मला नवल वाटलं. मी समजत होते, तुम्हाला हे सगळं लग्नाच्या वर्षीच ठाऊक झालं असेल. मला तर नऊ वर्षांची असल्यापासून येतं. बाबांचा आणि भाऊचा डबा घेऊन मी माझगावच्या गोदीत जायची. फाटकावरचा पठाण मला ओळखायचा. दोर वळायच्या शेडमध्ये बाबा जेवायला बसले की भाऊ मला जवळ घ्यायचा आणि एकेक शब्द शिकवायचा. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, मिशी नुकती फुटलेली. माझ्याएवढं त्याचं कोणाशीच जमायचं नाही.

तर आर्या म्हणजे दोर हातातून थोडा थोडा सोडत ओझं खाली उतरवणं. एकदम सोडायचा नाही, सोडत जायचा. हा फिरंग्यांचा शब्द, पोर्तुगालच्या खलाशांबरोबर आपल्या किनाऱ्याला आला. हबेस म्हणजे वर चढवणं, तो कुठून आला ते बाबांनाही माहीत नव्हतं. दामण म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला दोर, वाऱ्याप्रमाणे ताणायचा नाहीतर सैल करायचा. तो फारशीतला. तिकडे दामन म्हणजे अंगावरच्या कपड्याचा पदर. शिडालाही पदर असतो, असं भाऊ म्हणायचा.

बाबा सांगायचे, एकेका जहाजावर रत्नागिरीचा खलाशी, गोव्याचा, कच्छचा, चितगावचा, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचं नाही. पण दोर सगळ्यांनी एकदम ओढायला लागतो. म्हणून दोरापुरती एक निराळी बोली झाली, कोणाच्याच घरची नाही अशी. टांडेल एकदाच ओरडणार आणि वीस माणसं एकदम वाकणार. भाऊचा आवाज तर काय खणखणीत होता. तुम्ही गोदीत कधी आलाच नाहीत, तुम्हाला कसा माहीत असणार?

रोनितला सांगा, मशीन घेऊन एकदा इकडेही ये. भाऊ विसरला असेल तर मी आठवण करून देईन.

तुमची,
सुझॅन

*

रामला,
४ डिसेंबर १९७४

चि. सुझॅनला शालोम.

तुझं पत्र मिळालं. पदरबिदर सगळं वाचलं. तुला नवल वाटलं हे वाचून मलाही पुष्कळ काही वाटलं, ते लिहीत नाही.

मी गोदीत आले नाही, कारण मी आले असते तर तुझ्या बाबांची लुंगी कोणी धुतली असती आणि तुझा तो डबा कोणी भरला असता? तू घेऊन जायचीस, पण मी आल्यापासून भरायची मीच. लग्न होऊन मी आले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, तुझ्या भावाच्या शर्टाची बटणंसुद्धा मला लावू द्यायची नाहीस. मी काही बोलले नाही. म्हटलं, आईविना वाढलेली पोर आहे. आता तूही पन्नाशी ओलांडलीस, सुझॅन. अजून बटणं तुझीच का?

मी यांना सरळ म्हटलं, सुझॅनला सांगता येतं, ब्राखाच्या पोरीला सांगता येतं, मग मी काय पाप केलं? दोर तेव्हा भिंतीवरच्या खिळ्याला होता. यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून गॅलरीत गेले.

आता रोनितचं येणं बंद झालं आहे. गेल्या दोन मंगळवारी आली, मशीन लावलं, पण हे गप्प. तिचा तो दोर सापडत नाही म्हणून. एका दोरापायी एवढं रुसायचं? घर लहान, सामान फार, कुठे तरी गेला असेल. पोरगी हिरमुसून गेली. मी तिला संदणं बांधून दिली.

शिवाय यांचा घसा बसला आहे. दहा ते दोन बोललं तर दुसरं काय होणार? सवय लागते माणसाला. बारा वर्षं गप्प बसलेल्यानं एकदम चार-चार तास बडबडायचं नाही. आवाज अगदी खरखर येतो. मी ज्येष्ठमधाचा काढा देते आहे. थोडे दिवस गप्प बसले की बसेल ठिकाणावर.

बाकी ठीक. पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत. जुनी वलणी कुजली होती, म्हणून गॅलरीत दोन नव्या बांधल्या आहेत. चांगल्या जाड आहेत, ओली गोधडी टाकली तरी लवत नाहीत.

तुझी वहिनी,
डेबोरा

*

डिमोना,
१२ डिसेंबर १९७४

वहिनी,

वलण्या कशाच्या आहेत?

नका सांगू. मला कळलं. अश्दोदहून आणलेला दोर स्वयंपाकघरातल्या सुरीनं कापायला तुम्हाला अर्धा तास तरी लागला असेल. म्हणजे रागाच्या भरात झालं असंही म्हणता येत नाही.

पण तुम्हाला बोलायला मला तोंड नाही. एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहायला हवी होती आणि मुद्दाम लिहिली नाही. तुम्ही जळता आहात हे वाचून मला गोड वाटलं होतं. ती गोष्ट आता लिहिते.

बाबांच्या टोळीत एकदा दुपारच्या चहाच्या सुट्टीत एका खलाशानं गंमत म्हणून आर्या अशी हाक दिली. त्याच्या हातात चहाचा कप होता. पण वर एक माणूस अजून दोर धरून होता, त्याची सुट्टी झाली नव्हती. त्यानं हाक ऐकली आणि सवयीनं दोर सोडायला लागला. खाली लाकडाच्या ओंडक्याशी टेकून आमच्याच गावचा एक जण बसला होता. ओझं खाली आलं आणि त्याचा पाय गेला. त्या दिवसापासून बाबांनी टोळीला कायदा घातला की हातात दोर असल्याशिवाय हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. घरी नाही, रस्त्यात नाही, गमतीत तर नाहीच. भाऊनं हा कायदा बाबांपेक्षा कडक पाळला. मला शिकवायचा तेसुद्धा शेडमधला दोर माझ्या हातात देऊनच, आणि घरी आल्यावर मी एकदा दामण म्हटलं तर कानफटात मारली होती.

म्हणून रोनितशी तो पहिल्या मंगळवारी बोलला नाही, दोर मिळाल्यावर बोलला. आणि तुम्हाला चौतीस वर्षांत सांगितलं नाही ते एवढ्याचसाठी. तुमच्या घरात दोर कुठे होता? पाळण्याला होता तोही सुताचा. सिमेंटच्या कारखान्यात तर तेही नाही.

तुम्ही त्याला विचारलंत तेव्हा त्यानं भिंतीवरच्या दोराकडे पाहिलं, असं तुम्हीच लिहिलंय. मला वाटतं, तो तेव्हा दोर घेऊन तुमच्याजवळ यायच्या बेतात असेल. भाऊला कुठलीही गोष्ट करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुम्ही सुरी काढलीत.

घशाचं दवाखान्यात दाखवा. काढे पुरे झाले.

सुझॅन

*

रामला,
१९ फेब्रुवारी १९७५

चि. सुझॅन,

दोन महिने तुला लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि ठरवलं, हिला आता जन्मात लिहायचं नाही. आज लिहिते आहे, तेव्हा काय ते समज.

कुपत खोलिमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं यांना मोठ्या इस्पितळात पाठवलं. घशात गाठ आहे. वाईट गाठ. येत्या बुधवारी, सव्वीस तारखेला ऑपरेशन. माणूस वाचेल, डॉक्टर म्हणतो, पण आवाज राहणार नाही. थोडासुद्धा नाही. गळ्याला भोक पाडणार आणि श्वास तिथूनच घ्यायचा. हे मला डॉक्टरच्या हिब्रूतून लेकानं, शौलनं समजावलं, तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, कारण मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती.

बोलून घसा बसला, असं मी तुला लिहिलं होतं ना? नोव्हेंबरपासून मी त्या पोरीला शिव्या देत होते आणि गाठ आत वाढत होती. मी तीन महिने काढे पाजले.

आता वलण्यांचं ऐक. हो, कापला मी. दोन तुकडे केले. यांनी दुसऱ्या सकाळी गॅलरीत जाऊन पाहिलं. आत येऊन माझ्या शिवणाच्या डब्यातलं जाड सूत घेतलं आणि दोन्ही टोकं, जिथे मी कापली होती आणि पेड सुटायला लागले होते, ती एकेक करून सुतानं घट्ट गुंडाळली. मग माझी ओली चादर पुन्हा त्यावर घातली. तेव्हाच मी ओरडले असते, रडले असते, तर बरं झालं असतं. मी गेले आणि डाळ निवडायला बसले.

डॉक्टरकडून आल्या दिवशी मी दोन्ही वलण्या सोडल्या. दोर यांच्या मांडीवर ठेवला आणि खाली कोपऱ्यावर जाऊन टेलिफोनात आसिमोनचं नाणं टाकून रोनितला हैफाला फोन केला. म्हटलं, ये, जितके मंगळवार राहिलेत तितके ये. सुझॅन, तो फोन मी केला, हे तू विसरू नकोस. माझ्या नवऱ्याचा उरलेला आवाज मी माझ्या हातानं त्या मशीनला दिला.

यांनी आधी दोर जोडला. पेड उकलून एकमेकांत असे घातले की जोड कुठे आहे ते बोटांनाच कळावं. आणि मग तीन मंगळवार बोलले. कुजबुजल्यासारखं, मधे मधे पाणी पिऊन. रोनितनं सांगितलं की हैफाच्या बंदरात सलोनिकाचे जुने हमाल अजूनही वर घ्यायला विरा म्हणतात आणि खाली सोडायला माइना. हे किती खूश झाले. म्हणाले, इटलीच्या आगबोटी मुंबईला लागायच्या तेव्हा त्यांचे लोक हेच ओरडायचे. एवढं मी दारातून ऐकलं. बाकी वेळ मी शुकमध्ये, भाजीबाजारात जाऊन बसले. बसवेना घरात. यांच्या आवाजाचे थोडेच तास उरले होते आणि ते तिला मिळत होते. मीच बोलावलं, आणि मलाच सोसेना.

मला काही शिकवलं का, असं विचारशील. नाही. मी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारू?

मी मलिद्याचा नवस बोलले आहे.

डेबोरा

*

डिमोना,
२१ फेब्रुवारी १९७५

वहिनी,

मी सोमवारी बेअर शेवाच्या पहिल्या बसनं निघते. इस्पितळात तुमच्याबरोबर राहीन. नाही म्हणू नका.

माझ्यासाठी एक कराल? मंगळवारी एक तास त्याच्यापाशी मला एकटीला बसू द्या. आवाज जायच्या आधी त्यानं मला एकदा नावानं हाक मारायला हवी आहे. तुमच्याकडे मागायला लाज वाटते, पण मागते.

सुझॅन

*

डिमोना,
२ जून १९७५

सौ. डेबोरावहिनींना शालोम.

मलिद्याच्या दिवसानंतर तुमचं पत्र नाही. भाऊची तब्येत कळवा. तुमची सूनबाई सांगत होती, रोनितनं सगळे शब्द टाइप करून काढले आणि तुम्हाला प्रत पाठवली. खरं का? किती शब्द झाले? त्यात बाबांचं नाव आहे का? आणखी कोणाकोणाचं नाव आहे?

मला प्रत पाठवली नाही. कामात असेल बिचारी.

त्या मंगळवारी तुम्ही मला एक तास दिलात आणि स्वतः जिन्यात जाऊन उभ्या राहिलात, ते मी पाहिलं. त्यानं मला सुझी म्हणून हाक मारली. एवढंच. बाकी वेळ आम्ही दोघंही गप्प होतो. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण तुम्हाला वाटू द्यायचं होतं की पुष्कळ काही बोलला.

सुझॅन

*

रामला,
१२ जून १९७५

चि. सुझॅनला वहिनीचा शालोम.

तब्येत चांगली आहे. वजन वाढलं. गळ्यावर मलमलीचा रुमाल बांधतात, तो मी रोज उकळते. बोलायचं असेल तर वही आहे, पण वहीतसुद्धा तेच: मीठ कमी. माणूस बदलला नाही.

प्रत आली आहे. त्रेचाळीस शब्द. एका बाजूला हिब्रू अक्षरांत आणि मराठीतही शब्द, पुढे अर्थ, कुठून आला ते, आणि कोणी सांगितला. वर लिहिलं आहे, नाथान नेहेमिया थळकर, टांडेल, मुंबई गोदी. म्हणजे बाबांचंही नाव आलं. आणि दामणच्या खाली लिहिलं आहे, "हा शब्द मी प्रथम माझ्या धाकट्या बहिणीला शिकवला." तुझ्यासाठी ते पान शौलकडून फोटोकॉपी करून घेऊन सोबत घालते आहे. चौकटीत लाव. माझं नाव कुठेच नाही, मी तीनदा पाहिलं.

पण एकतिसाव्या आकड्यापुढे जागा कोरी आहे. रोनितनं चिठ्ठी जोडली होती: नोव्हेंबरच्या एका टेपवर या ठिकाणी मोठा आवाज झाला आहे, काकांचा शब्द ऐकू येत नाही, फेब्रुवारीत पुन्हा विचारायचं आम्ही दोघंही विसरलो, तर कृपा करून त्यांच्याकडून लिहून घेऊन पाठवाल का?

गेल्या आठवड्यात ती लोदला आईकडे आली तेव्हा मशीन घेऊन इथे आली आणि तो तुकडा मला ऐकवला. हे तेव्हा पेन्शनच्या कामाला गेले होते. सुझॅन, तीन महिन्यांनी मी यांचा आवाज ऐकला. पहिला. चांगला होता तेव्हाचा. म्हणतात, "दोन माणसं दोराच्या दोन टोकांना असली, आणि एकाला दुसरा दिसत नसला, तर आम्ही म्हणायचो..." आणि मग धडाम. धडाम धडाम. पितळेचं पातेलं, त्यावर झाकण, त्यावर परात.

ते मी होते. तुला लिहिलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. दोर आल्यानंतरच्या चारही मंगळवारी चपात्या लाटून झाल्या की मी मोरीत भांडी आपटायची. मुद्दाम. त्यांचं बोलणं मोडावं म्हणून. आणि ते मशीननं सगळं जसंच्या तसं घेतलं. माझ्या नवऱ्याचा आवाज आहे तिथे माझाही आवाज आहे, आणि तो हा.

भांडी थांबल्यावर टेपवर रोनित विचारते, पुन्हा सांगता का? आणि हे म्हणतात, "राहू दे. आतलं माणूस रागावलंय. नंतर सांगतो."

मी रोनितपुढे रडले. तिनं मशीन बंद केलं आणि मला पाणी आणून दिलं. चांगली मुलगी आहे. मी तिला म्हटलं, यांना विचारून कळवते.

हे घरी आले. मी चिठ्ठी पुढे ठेवली. वाचली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भांडी मी मुद्दाम आपटत होते." यांनी मान हलवली, म्हणजे ठाऊक होतं. मग उठून खिळ्यावरचा दोर काढला. एक टोक माझ्या हातात दिलं, माझी बोटं त्याच्यावर नीट बसवली, अंगठा बाहेर होता तो आत घातला. दुसरं टोक घेऊन दुसऱ्या खोलीत गेले, मधे भिंत येईल असे. मला दिसेनासे झाले. आणि मग दोरातून जे करायचं ते त्यांनी केलं, दोनदा. मला समजलं. आपण काय करायचं तेही समजलं. मी केलं. पलीकडून उत्तर आलं.

नंतर त्यांनी येऊन, डाव्या हातात दोर धरून, उजव्या हातानं वहीत तो शब्द लिहिला. मी तो मोठ्यानं वाचला. दोर माझ्याही हातात होता, तेव्हा कायदा मोडला नाही. ते पान मी फाडून घेतलं.

आता रोज सकाळी चहाच्या आधी आम्ही ते करतो. ते तिकडे, मी इकडे, मधे भिंत. तो शब्द तोंडानं म्हणावा लागतो, त्याशिवाय पुढचं होत नाही, आणि या घरात तो म्हणणारी मी एकटी आहे. म्हणजे टोळी दोघांची आणि टांडेल मी. यांना ते पटलं आहे असं दिसतं.

काल रोनितला उत्तर लिहिलं. लिहिलं, यांना आठवत नाही. यांना ते पत्र वाचायला दिलं. खांदे हलेपर्यंत हसले, आवाज नाही, नुसते खांदे. मग तिकीट त्यांनीच चिकटवलं आणि दोआरच्या पेटीत टाकून आले. पदवी तिला बेचाळीस शब्दांवरही मिळेल.

आणि सुझॅन, तू लगेच विचारणार. तुला नऊ वर्षांची असताना तो शिकवला होता की नव्हता, हे मी यांना विचारलं. नव्हता, म्हणाले. वहीत लिहून दिलं आहे, सहीसुद्धा घेतली आहे. तेव्हा विचारू नकोस. सणाला इथे ये, पंधरा दिवस राहा, यांच्या शर्टाची बटणं लाव हवी तर. पण सकाळी आम्ही दोर घेऊ तेव्हा तू खाली जाऊन दूध घेऊन यायचं, आणि जिन्यात थोडा वेळ थांबायचं.

तुझी वहिनी,
डेबोरा